गॅसची विहीर

त्या विहिरीत गॅस नव्हता. कधीच नव्हता. आमच्या बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या मागच्या कुंपणाला लागून जी विहीर आहे, जिला आसपासची तिन्ही गावं ‘गॅसची विहीर’ म्हणतात, तिला हे नाव माझ्या एका वाक्यामुळे पडलं, आणि ते वाक्य खोटं होतं. आजवर हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. त्या विहिरीच्या तळाशी शिशाचं अस्तर असलेली एक पिवळी लोखंडी पेटी आहे. पेटीत करंगळीच्या नखाएवढी, किरणोत्सारी पदार्थाची बंद कुपी आहे. ती तिथं मी सोडली.

लिहिलं एकदाचं. वाटलं होतं, बाहेर काहीतरी थांबेल. तसं काही झालं नाही. बाहेर ऊन आहे आणि शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफट वाजतोय, तो तसाच वाजत राहिला.

ती पेटी सोडली तेव्हासारखा दुष्काळी उन्हाळा यंदा पुन्हा आलाय. दुष्काळ आमच्याकडे डोळ्यांआधी कानांना कळतो. पहिल्यांदा हातपंप बोलायचा थांबतो. दांडा मारला की नुसता कोरडा ठसका. मग टँकरचा हॉर्न आणि त्याच्यामागं धावणाऱ्या घागरींचा खणखणाट. आणि चैत्र सरत आला की दुपारच्याला लांबून सुरुंगांचे दणके ऐकू यायला लागतात. कुणाच्या तरी विहिरीवर यारी उभी राहिलेली असते. यारी म्हणजे विहिरीतला दगड-गाळ वर ओढणारी क्रेन. तिच्या इंजिनाची ती एकसुरी धडधड दिवसभर माळावरून येत राहते. लोकांना तो आवाज आशेचा वाटतो. मी सिरसाळ्यात मोटारी भरायचं दुकान चालवतो, पाण्याच्या मोटारी. उन्हाळ्यात कोरड्या विहिरीत चालून चालून त्या जळतात आणि माझ्याकडे येतात. जळालेल्या वार्निशाचा वास, काळी पडलेली तांब्याची तार. तार उलगडत बसलेला असतो आणि यारी सुरू झाली की माझे हात थांबतात. कुठल्या बाजूनं येतोय आवाज? गावाच्या खालून की कारखान्याच्या अंगानं? खालून आहे, असं कळलं की पुन्हा तार उलगडायला लागतो. असे किती उन्हाळे काढले, त्याचा हिशेब माझ्या कानांकडे आहे.

पाणी मुबलक असलेल्या मुलखात विहीर एकदा खोदतात. आमच्याकडे ती दर दुष्काळात पुन्हा खोदतात. बापानं सोडलेल्या तळाच्या खाली मुलगा जातो, मुलाच्या खाली नातू. आमच्याकडे विहिरीचा तळ म्हणजे तात्पुरता थांबा. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. मी याच मातीतला आहे, बाहेरून आलेला साहेब नाही. तरी पेटी सोडली त्या दुपारी हे माझ्या ध्यानात आलं नाही. की आलं होतं आणि मी ते बाजूला सारलं? याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतोय, आणि खरं सांगायचं तर शोधायचं टाळतोय.

कारखाना सहकारी होता. तालुक्यातल्या हजारो घरांत त्याचा शेअर भिंतीवर फ्रेम करून लावलेला असायचा, देवांच्या फोटोंच्या रांगेत. मी तिथं इन्स्ट्रुमेंट विभागात फोरमन होतो. ऊस कापला, कुटला की चरकात जाण्याआधी एका उंच, उभ्या लोखंडी नळकांड्यातून खाली येतो. ते किती भरलंय हे बाहेरून कळत नाही, आणि आत रस, वाफ, चिपाड यांचा नुसता मारा. तिथं दुसरं कुठलं यंत्र टिकत नाही. म्हणून एका बाजूला ही पिवळी पेटी, दुसऱ्या बाजूला मोजणारं यंत्र. पेटीतून किरण निघायचे, लोखंडातून, उसातून आरपार जायचे, आणि पलीकडं काटा सांगायचा, अमुक उंचीपर्यंत ऊस आहे. त्या पेटीसाठी मला मुंबईला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. सर्टिफिकेट मिळालं, छातीला लावायचा बिल्ला मिळाला, हातात धरायचं एक मीटर मिळालं. पेटीची जबाबदारी कायद्यानं माझी. काम संपलं की ती उघड्यावर टाकायची नाही, विकायची नाही, पुरायची नाही. जिथून आली तिथं परत पाठवायची. माती आणि पाणी यांना तिचा स्पर्श होता कामा नये. प्रशिक्षणातलं हे वाक्य मी वहीत दोन रेघा मारून लिहिलं होतं. वही अजून आहे.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. पान्यापासून बॉयलरपर्यंत. पहिल्याच वर्षी फिटर गफूर हळद-कुंकवाचं ताट घेऊन पेटीसमोर उभा राहिला.

‘‘फोरमनसाब, सगळ्या मशिनीला टिळा लागला. हिलाच कावून न्हाई? ही काय सवतीची हाय?’’

‘‘तिला हात लावायचा नाही, गफूर. वहीत लिहिलंय.’’

‘‘हात कोण लावतंय बे!’’ म्हणून त्यानं बांबूच्या टोकाला रंगाचा ब्रश बांधला आणि लांबूनच पेटीला बोट बोट हळद-कुंकू लावलं. सगळे हसले. त्या दिवसापासून तिचं नाव पिवळाई. दर साली बांबूनंच टिळा, बांबूनंच झेंडूची माळ. नवा माणूस कामाला आला की गफूर त्याला दम द्यायचा, ‘‘ह्या देवीला पाया लांबूनच पडायचं. लई कडक हाय. रागावली तर दिसत पन न्हाई.’’ माझ्या सर्टिफिकेटनं जेवढी शिस्त लावली नसती तेवढी गफूरच्या त्या थट्टेनं लावली. कुणी पेटीजवळ रेंगाळायचं नाही. मला त्याचं कौतुक वाटायचं.

मग तो उन्हाळा. सलग दोन सालं पाऊस गेलेला. शिवारात ऊस म्हणून जी काही पात उभी होती ती लोकांनी जनावरांना घातली. आदल्या दिवाळीला गव्हाणीत मोळी पडलीच नव्हती, गाळप सुरू झालं नव्हतं. ज्या यार्डात उसाच्या गाड्यांच्या रांगा लागायच्या तिथं चारा छावणी बसली. शेडनेटच्या फाटक्या सावलीत गाई-बैल, त्यांच्या शेजारी बाजेवर त्यांची माणसं. साखरेच्या गोड, जड वासाच्या जागी शेणाचा आणि कोरड्या कडब्याचा वास. कारखान्याचा भोंगा वाजायचा नाही. त्याच्या वेळा लोकांच्या अंगात इतक्या मुरलेल्या की दुपारी बाराला सगळे उगाचच मान वर करून धुराड्याकडं बघायचे.

देणी भागवायला एक जुना चरक विकायचा ठरला. भंगारवाले यायला लागले. त्यातला एक जण पेटीपाशी थांबला, बोटांच्या पेरांनी तिच्यावर टकटक केलं, कान लावला. ‘‘आतून शिसं हाय का हो ह्याच्यात?’’ त्याचा तो कान, पेटीला लावलेला. मला अजून स्वप्नात तो कान दिसतो.

मी चीफ इंजिनिअर साहेबांकडं गेलो. पहिल्यांदा नव्हे, चौथ्यांदा. तीन वेळा लेखी दिलं होतं, की पेटी परत पाठवायची सोय करा.

‘‘अरे बाबा, तिला खास डबा लागतो, खास गाडी लागते, परवानगी लागते,’’ साहेब म्हणाले. ‘‘इथं बाथरूमच्या बल्बाला मंजुरी न्हाई. पुढल्या साली ऊस आला की तीच पेटी पुन्हा लागंल.’’

‘‘आणि भंगारात गेली तर?’’

‘‘तुझी हाय न जबाबदारी? मग जाऊ देऊ नकोस.’’

त्यांनी ड्रॉवर उघडला. माझी तिन्ही पत्रं तिथंच होती, एकाखाली एक, पिन लावून. त्यांनी ती मला दाखवली, जणू नीट जपून ठेवल्याची खात्री पटावी म्हणून.

साहेब आता नाहीत. त्यांच्यावर ढकलायला हे लिहीत नाही. कारण अशा पेट्यांचा हिशेब ठेवणाऱ्या मुंबईच्या सरकारी ऑफिसचा नंबर पेटीवरच्या पत्र्यावर होता. दर साली तो मीच नव्या रंगानं गिरवायचो. एका फोनचं काम होतं. मी केला नाही. चौकशी लागेल, कारखान्याचं नाव खराब होईल, पुढच्या साली मोळी पडणारच नाही, आणि सगळा तालुका म्हणेल, ह्यानं बुडवला. मी कमी बोलणारा माणूस आहे; लोक त्याला सज्जनपणा म्हणतात. त्या वेळी ते भित्रेपण होतं.

विहिरीची कल्पना गफूरची. तो सरळ मनानं म्हणाला, ‘‘साब, जुन्या देवाला आपुन भंगारात घालतो का? पाण्यात सोडतो. पिवळाईला बी सोडू.’’ भंगलेली मूर्ती, देव्हाऱ्यातला झिजलेला टाक विहिरीत सोडायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. मी शिकलेला, बिल्लेवाला माणूस. त्याला तिथल्या तिथं गप्प करायला हवं होतं. पण मला त्याचं बोलणं पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, सोयीचं वाटलं. मनावरचा धोंडा कुणीतरी देवाच्या नावानं उचलून देत होतं.

भर दुपार होती. छावणी झोपलेली. जनावरंसुद्धा रवंथ करायची थांबलेली, इतकं ऊन. मी, गफूर आणि परमुलखातले दोन मजूर, जे आठवडाभरात आपल्या गावी निघून गेले. चेनपुलीनं पेटी खाली सोडली. विहीर कोरडी होती, पण तळाशी, पूर्वेच्या कपारीखाली, परातीएवढी ओल होती. काळी, चकाकणारी. मी ती बघितली. गफूरनं वरून नारळ फोडला, हळद टाकली आणि म्हणाला, ‘‘माय, आता हितंच ऱ्हा. वर येऊ नको.’’ मग गोदामातल्या उरलेल्या सिमेंटचं काँक्रीट करून आम्ही पेटीवर ओतलं. काँक्रीटला पाणी लागतं. ते छावणीच्या टँकरमधनं घेतलं, दोन पिंपं. दुसऱ्या दिवशी मी रजिस्टरात लिहिलं, ‘पेटी परत रवाना’, आणि खाली सही केली. सही नेहमीपेक्षा सुबक आली होती.

पंधरा दिवसांनी मुक्ताबाई छावणीत आल्या. दोन बैल, एक गाभण गाय, आणि त्या. माणसापेक्षा जनावराशी जास्त बोलणारी बाई. कारखान्याला जमीन दिलेल्यांत त्यांचं घर होतं, आणि ती विहीर त्यांच्या सासऱ्यानं खोदलेली. त्या थेट माझ्यासमोर आल्या.

‘‘फोरमन भाऊ, मागची हीर कावून मुकी ठिवली? माह्या सासऱ्यानं खांदली हाय ती. उगवतीच्या अंगाला झरा हाय तिच्यात. नुसता गाळ काढा, छावनीला पुरंल.’’

उगवतीच्या अंगाला. मी ती ओल पाहिली होती.

‘‘नाही मावशी,’’ मी म्हणालो. ‘‘तिच्यात विषारी गॅस आहे. उतरला तो माणूस वर यायचा नाही.’’

त्यांनी माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडं पाहिलं. बिल्ला मी अजून लावत होतो. ‘‘तुमी म्हंता तर आसंल,’’ त्या म्हणाल्या, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या छावणीला सांगून आल्या.

टँकर दिवसाआड यायचा, मग दोन दिवसांआड. लोक जनावरं घेऊन पाझर तलावाकडं जायला लागले, तलाव म्हणजे मधोमध उरलेलं एक डबकं आणि भोवती भेगाळलेला, वरून वाळलेला, आतून मऊ गाळ. मुक्ताबाईंची गाय त्या गाळात रुतली. जड होती, गाभण. आम्ही दोर लावले. गफूरनं तिच्या पोटाखालून पोती सारली. सकाळपासून दुपारपर्यंत ती मान वर धरून होती. मग तिनं मान टाकली. मुक्ताबाई रडल्या नाहीत. गाईच्या कपाळावरचा गाळ त्यांनी पदरानं पुसला, शिंगापासून नाकापर्यंत, नीट, आंघोळ घातल्यासारखा. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘‘तुमी हुते म्हनून बरं भाऊ. न्हाईतर त्या हिरीत उतरून मानसं मेली आस्ती. हे तर जनावर हाय.’’

माझे आभार मानले त्यांनी.

पुढं पाऊस झाला. कारखाना मात्र उठला नाही. काँक्रीटवर पाणी चढलं, कडेनं वेडी बाभूळ माजली. कुणीतरी पत्र्यावर डांबरानं ‘गॅस’ असं लिहून विहिरीवर लावलं. गफूर दोन सालांमागं गेला. शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेलतो. तो हळूच म्हणाला, ‘‘साब, पिवळाई बरी हाय न?’’ मी म्हणालो, ‘‘बरी आहे.’’ तो हसला. त्याच्या मनावर काही नव्हतं, त्यानं नारळ फोडून निरोप दिला होता.

परळीच्या रस्त्यानं जाताना तिथल्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचे टिपर लागतात. ताडपत्रीतून राख उडते, झाडं पांढुरकी पडतात, लोक गाडीच्या काचा वर करतात आणि शिव्या देतात. मला त्या राखेचा हेवा वाटतो. ती दिसते. धुतलेल्या कपड्यावर बसते, लोक मोर्चा काढू शकतात. मी मागं ठेवलं त्याला रंग नाही, वास नाही. ते मातीत आहे आणि माती नेहमीसारखीच दिसते.

मीटर मी घरी आणून ट्रंकेत ठेवलं होतं. दर साली पावसाळ्यानंतर ते पिशवीत घालून विहिरीवर जातो. काठाभोवती फिरतो, दोरीनं पाणी काढतो, मीटर धरतो. काटा हलत नाही. बहुधा कुपी शाबूत आहे. शिसं आहे, पोलाद आहे, काँक्रीट आहे. कुपी शाबूत असेल तर पाण्यात काही उतरत नाही, असं शिकवलं होतं. बहुधा. या एका शब्दावर मी इतकी वर्षं झोपलोय. पण मीटर इतकं जुनं झालंय, ते जिवंत तरी आहे का? पूर्वी त्याची परीक्षा घ्यायची सोपी रीत होती. पेटीसमोर धरायचं, काटा हलला की मीटर ठीक. आता ते मीटर ज्याच्यावर तपासावं ते त्या पाण्याच्या खाली आहे. मी काठावर उभा राहतो, हातात न हलणारा काटा, आणि तो पाण्याबद्दल काही सांगतोय की नुसता मेलाय, हे मला कळत नाही.

त्या कुपीतला जोर तीस वर्षांत निम्मा होतो. पुढच्या तीस वर्षांत त्याचा निम्मा. मी गेल्यावरही ती तिथं असणार, आणि कुठल्याशा दुष्काळात कुणाचा तरी नातू खाली उतरणार.

गेल्या आठवड्यात मुक्ताबाई दुकानात आल्या. आता वाकल्यात, काठी आहे. दर थंडीत त्या मला हुरड्याची कणसं आणून देतात, त्या गाईच्या सालापासून. या वेळी हातात नारळ होता.

‘‘गावानं ठरवलं भाऊ. गॅसची हीर उकरायची. सोमवारी यारी येतीया. नारळ तुमच्या हातनं फोडायचा.’’

मी हातातली तार खाली ठेवली.

‘‘आता इतके साल झाले. गॅस उडून गेला आसंल न? तुमी सांगा, तुमाला कळतंय त्यातलं. तुमी हो म्हनलात तरच मानसं उतरतील, असं मी पोरांला बजावलंय.’’

‘‘बघून सांगतो,’’ मी म्हणालो. बघून सांगतो!

सोमवारी यारी आली. मी धावत गेलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, सुरुंग लावू नका, खाली जुनी केबल आहे.

‘‘बंद कारखान्याला कसली केबल बे काका?’’ तो हसला. ‘‘भुताला करंट देता का काय?’’ पण त्यानं इंजिन बंद केलं. ‘‘दोन दिवस थांबतो. लाइनमन आना, दाखवा.’’

म्हणजे पुन्हा खोटं. त्याच विहिरीवर, त्याच तोंडानं.

काल दिवसभर बायका रिकाम्या घागरी घेऊन यारीच्या सावलीत येऊन बसत होत्या. पाणी लागायच्या आधीच नंबर लावलेला.

इथपर्यंत लिहून मी उठलो आणि मुंबईला फोन केला. नंबर बदलला होता. शोधून पुन्हा केला. पलीकडं एक मुलगी होती, आवाजावरून माझ्या लेकीच्या वयाची. तिनं पेटीचा नंबर विचारला. मी तो पाठ म्हणून दाखवला, न अडखळता. तिनं तो पुन्हा विचारून लिहून घेतला. मग तिनं विचारलं, ‘‘सध्या पेटी कुठे आहे?’’ मी सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, माणसं निघतील, तोवर विहिरीला कुणी हात लावायचा नाही, पाणी घ्यायचं नाही. पेटी काढून, माती आणि पाणी तपासून झाल्यावरच काय ते ठरेल. या उन्हाळ्यात विहीर मिळेल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘ते आत्ता सांगता येणार नाही.’’ आणि मग, ‘‘गावाला माहीत आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ते तुम्ही सांगा, काका. आज सांगा.’’

पाण्याचा हा उन्हाळा तर गेलाच. उगवतीचा झरा असेल, नसेल. घागरी रिकाम्याच परत जाणार आहेत, आणि त्या माझ्यामुळे. नारळ अजून दुकानात आहे, तारेच्या रिळाशेजारी.

गिरणी थांबली आहे. यारीचा आवाज नाही. ऊन उतरायच्या आत मला कारखान्यावर यारीपाशी पोचायचं आहे, मुक्ताबाई तिथंच बसलेल्या असतात. मुक्ताबाईंचं मी एक विहीर देणं लागतो, आणि एक गाय. ती दोन्ही माझ्यानं फिटायची नाहीत. पण त्या बाईसमोर जमिनीवर बसून, ‘मावशी, त्या विहिरीत गॅस नव्हता’ एवढं माझ्या तोंडून सांगायचं मी देणं लागतो. ते अजून बाकी आहे.